फैफाच्या डोंगरावरची, मी न पाहिलेली बंदूक

माझ्या संग्रहात एकही बंदूक नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्यासारख्या इकामावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, राहणाऱ्या परदेशी माणसाला सौदीत बंदूक बाळगता येत नाही. मी जमवतो ते ठसे. फिनलंडच्या सैन्याने वापरलेल्या जुन्या रायफलींवर कारखान्याचे, सैन्याचे, दुरुस्ती करणाऱ्या शस्त्रागाराचे बारीक बारीक शिक्के ठोकलेले असतात. त्यांचे फोटो, आणि पातळ कागद वर धरून पेन्सिल घासून उतरवलेल्या छापा, असा माझा चार वह्यांचा ऐवज आहे.

हे खूळ लागलं ते कंपनीने व्हॉल्व्ह तपासणीच्या प्रशिक्षणासाठी तीन महिने फिनलंडला पाठवलं तेव्हा. भर हिवाळा होता, रविवारी करायला काही नसायचं, म्हणून गावातल्या एका छोट्या संग्रहालयात जाऊन बसायचो. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने एक दिवस रायफलीच्या नळीवरचा इवलासा चौकोन दाखवला. त्यात दोन रोमन अक्षरं होती, एस आणि ए. फिनलंडच्या सैन्याची मालमत्ता. या छोट्या देशाकडे स्वतःच्या बंदुका पुरेशा नव्हत्या. रशियन बंदुका हाती लागतील तेवढ्या घ्यायच्या, लाकूड बदलायचं, जमलं तर नळी बदलायची आणि आपला शिक्का मारायचा. दम्मामला मी दिवसभर पाइपांवरचे ठोकलेले नंबर वाचतो. त्यामुळे हे मला एकदम आपलं वाटलं.

इंटरनेटवर आमचा या विषयातल्या हौशी लोकांचा एक गट आहे. बाकीच्यांच्या घरी खऱ्या बंदुका आहेत. कुणीतरी जेवणाच्या टेबलावर नवी आणलेली रायफल ठेवून फोटो टाकतो, खाली लिहितो, ‘आज ही घरी आली.’ मी ‘अप्रतिम’ असं लिहितो आणि लॅपटॉप जरा जोरातच मिटतो. माझी बायको शुभदा त्या आवाजावरून ओळखते. स्वयंपाकघरातून विचारते, “आज कुणाकडे आली?”

तर असा मी. आणि एक दिवस सौदीच्या दक्षिण टोकाच्या जिझानहून अशफाकभाईंनी पाठवलेला फोटो आला.

अशफाकभाई मूळचे दाभोळकडचे. जिझानला पंपांच्या सुट्या भागांचा धंदा करतात, पंचवीस वर्षं झाली. एका कामात ओळख झाली होती आणि माझं खूळ त्यांना ठाऊक होतं. फोटोत गंजकट नळीचा थोडासा भाग दिसत होता, आणि त्यावर धूसर चौकोन.

मी लगेच फोन लावला.

“साहेब, तुमचा तो चौकोन हाच काय?” त्यांनी विचारलं. “माझ्या वळखीचा सालेह हाय, फैफाच्या डोंगरात रवतो. त्याच्या बापाची बंदूक. लायसन हाय, सगळा कायदेशीर. बाप वारला. सालेह बोलतो, कोण जाणकार असला तर घेऊन ये.”

जाणकार! मी त्याच दिवशी गटावर लिहून टाकलं: अरबस्तानात फिनिश रायफल सापडली आहे, बहुधा सन एकोणचाळीसचं मॉडेल, मी स्वतः हाताळून अहवाल देईन. पहिल्यांदाच सगळे मला ‘नशीबवान’ म्हणाले. तो शब्द मी दिवसभरात पाच-सहा वेळा तरी उघडून वाचला.

शुभदा म्हणाली, “मीही येते. शाळेला सुट्टीच आहे.” ती दम्मामच्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. मी म्हटलं, चल.

रियाध, अल मलाझ

वाटेत एक दिवस रियाधला होतो, अल मलाझमध्ये शुभदाच्या जुन्या सहकारी बाईंकडे. संध्याकाळी सहज फिरताना एका दुकानात शिरलो. पितळी दल्ले म्हणजे कॉफीच्या चोचदार किटल्या, जुनी कुलपं, बेदुइन बायकांचे चांदीचे दागिने. दुकानदाराने शुभदापुढे एक जड हार ठेवला, शंभर वर्षांचा म्हणून. तिने तो उलटा केला, कडीजवळचा शिक्का दिव्याखाली तिरपा धरला आणि हिंदीत म्हणाली, “मणी जुने आहेत. ही कडी मात्र नवीन आहे, जोडाचा डाग कालपरवाचा आहे.”

दुकानदार हसला आणि त्याने आतून चहा मागवला. शुभदा नाशिकच्या सराफाची मुलगी. लहानपणी दुकानात वडिलांच्या शेजारी बसून तिने झिजलेल्या भांड्यांवरचे शिक्के वाचलेत. हे मला लग्नापासून माहीत होतं. पण दुकानदाराने तिला “मुअल्लिमा, मुअल्लिमा”, म्हणजे गुरुबाई, असं करत खजूर पुढे केले आणि माझ्याकडे पाहून “तुम्ही काय करता?” असं विचारलं तेव्हा मला ते खजूर गोड लागले नाहीत.

जिझान

जिझानला विमानातून उतरलो आणि अंगाला दमट हवा चिकटली. दम्मामची हवाही दमट, पण तिला तेलाचा वास. इथे मासळीचा, ओल्या मातीचा, आणि कुठून तरी मोगऱ्याचा. अशफाकभाई घ्यायला आले होते. “वास घेतला काय भाभी? कोकण हाय हा. आंबे पण होतात. हापूस नाय, पण चालवून घ्यायचे.”

बाजारात बायका-पुरुष फुल्ल विकत होते. फुल्ल म्हणजे इथला मोगरा, गच्च ओवलेले गजरे. शुभदाने एक घेतला आणि आरशाशिवाय माळला. पोरीबाळींसाठी गजरे घेणारे दाढीवाले बाप पाहून तिला कोण आनंद झाला! दम्माममध्ये अठरा वर्षांत तिने एकदाही गजरा माळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अशफाकभाईंच्या गाडीतून निघालो. सपाट, भुरा मुलूख संपला आणि डोंगर एकदम उभाच राहिला. फैफाचा रस्ता म्हणजे वळणावर वळण. दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यात कॉफीची झाडं, आणि मधूनच गोल दगडी बुरुजांसारखी जुनी घरं. अर्ध्या वाटेत धुकं आलं. शुभदाला गाडी लागली, दोनदा थांबलो. मी घड्याळ बघत होतो, हे तिने पाहिलं.

फैफा

सालेह पंचेचाळिशीचा, शाळेत शिक्षक. त्याने आम्हाला मजलिसमध्ये बसवलं. फिकट, आल्याची कॉफी आली. त्याचा काका, म्हणजे वारलेल्या वडिलांचा धाकटा भाऊ, कोपऱ्यात उशीला टेकून बसला होता. मी पिशवीतून सगळं काढून मांडलं: भिंग, टॉर्च, बटर पेपर, पेन्सिली, मोजपट्टी, आणि बघायच्या चौदा जागांची यादी.

सालेह अवघडला. तो अशफाकभाईंशी अरबीत बराच वेळ बोलला. अशफाकभाईंनी माझ्याकडे वळून घसा खाकरला.

“साहेब, जरा भानगड हाय. बंदूक आईच्या खोलीत हाय. तिच्या पलंगाच्या वर, भिंतीला. बाप गेल्यावर या काकाने ती एकदा उचलून नेली होती. म्हातारीने परत आणवली. तेवापासून ती खोलीच्या भायेर काढू देत नाय. परक्या पुरुषाला तर आत जायला मिळायचाच नाय.”

“मग फोटो?”

“तो सालेहने ती अंघोळीला गेली होती तेवा काढला.”

हजारावर किलोमीटर आलो होतो. आतल्या दारावरचा पडदा हलला आणि एक मुलगी बाहेर आली. सालेहची मुलगी नूरा, कॉलेजात शिकते, इंग्रजी चांगलं. ती सरळ शुभदाकडे गेली. “आजी म्हणते, तुम्ही या. तुम्ही बघू शकता.”

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. मी यादी तिच्या हातात दिली. काय सांगू, स्वतःच्या हाताने दिली. “नळीचं बूड आधी. मग लाकूड. टॉर्च तिरपा धर. आणि घाई करू नकोस.”

“माहितीय रे,” ती म्हणाली आणि पडद्याआड गेली.

पुढचा सव्वा तास मी कॉफी पीत बसलो. आतून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, मधेच धातूवर धातू आपटल्याचा बारीक आवाज. तो बोल्टचा, म्हणजे गोळी भरायच्या दांड्याचा होता हे मला कळलं, आणि माझे हात शिवशिवले. तो आवाज माझा होता. तेवढ्यासाठी मी आठ वर्षं वह्या भरल्या होत्या. अशफाकभाई काकाशी अरबीत हसत होते, विनोद सांगत होते, आणि मला तेवढी अरबी येत नाही याचाही मला राग आला.

शुभदा बाहेर आली तेव्हा तिची बोटं काळी झाली होती आणि चेहरा उजळला होता. ती माझ्याशेजारी बसून भराभर मराठीत सांगू लागली.

“एकोणचाळीसची नाहीये. लांब आहे. एकशे तीस सेंटिमीटर, दोनदा मोजली.”

एकोणचाळीसचं मॉडेल त्याहून चांगलं बारा सेंटिमीटर आखूड असतं. “पट्टी वाकडी धरली असशील,” मी म्हटलं.

“नूराने एक टोक धरलं होतं. बुडाशी दोन डोक्यांचा गरुड आहे, झिजलाय. म्हणजे रशियन, राजाच्या काळातली ना? आणि त्याच्याच जवळ तुझा चौकोन. खालची कड खोल, वरची उथळ. गोल नळीवर हाताने ठोकलेला शिक्का असाच बसतो. चौकोनाच्या कडा बाकीच्या नळीइतक्याच झिजल्यात, मागाहून कुणी मारलेला नाही. आणि लाकूड! पुढचं लाकूड मागच्याला जोडलंय, हे असं.” तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली.

तसा जोड फिनिश सुतारांचा. नकली शिक्का मारणारा माणूस लाकडाच्या असल्या उठाठेवी करत नाही.

“आणि एक गोष्ट तुझ्या यादीत नव्हती,” ती म्हणाली. “नेम धरायची पट्टी असते ना, तिच्यावरचे आकडे. काही जुने आहेत आणि शेजारी वेगळ्या हाताने, वेगळ्या ठशांनी नवे ठोकलेत. मी खडूची पूड भरून पुसली, मग दिसले. असं का करतात?”

रशियात अंतर जुन्या मापात मोजत. फिनलंडने ते मीटरमध्ये बदललं, म्हणून नवे आकडे. हे मला माहीत होतं, वहीत लिहिलेलं होतं. यादीत घालायला मी विसरलो होतो. आणि माझी वही न उघडलेल्या बाईने ते शोधून काढलं होतं.

“हातात घेतलीस?” मी विचारलं.

“मग! केवढी जड आहे रे. त्यांनी माझ्या मांडीवरच ठेवली.”

तेवढ्यात जेवण आलं. दगडी भांड्यात शिजवलेलं मटण, आणि मरसा. मरसा म्हणजे गरम भाकरीत केळं कुस्करून वर तूप आणि मध. आपल्या शिकरणाचा आणि मलिद्याचा मधला प्रकार. आम्ही मटण खात नाही म्हणून मरशाचं वेगळं ताट आमच्यासाठी आलं होतं. शुभदा पुन्हा आत बायकांत गेली. मी चार घास खाल्ले.

मग सालेहने विचारलं. अशफाकभाईंनी मला मराठीत सांगितलं, पण सालेहचा चेहरा पाहूनच कळलं की हे नुसतं कुतूहल नाही.

“त्याचा बाप तरुणपणी जिझानच्या बंदरात हमाल होता. तिथे त्याने ही बंदूक घेतली. बायकोला सांगायचा, ही बर्फाच्या मुलखातली. तिथे समुद्र गोठतो आणि माणसं त्याच्यावरून चालत जातात. सगळा गाव हसायचा. हा काका अजून हसतो. बोलतो, भाऊ थापाड्या होता, बंदूक सीमेपल्याडच्या बाजारातली रशियन हाय. म्हातारीला एवढाच जाणून घ्यायचा हाय की तिचा नवरा खरा बोलत होता काय.”

पडद्याआड सगळ्या ऐकत होत्या.

उत्तर माझ्याकडे होतं. गरुड, चौकोन, लाकडाचा जोड, बदललेले आकडे. एवढ्या पुराव्यावर गटातला कुठलाही माणूस डोळे मिटून सही करेल. पण ते उत्तर शुभदाच्या बोटांवर होतं, माझ्या नाही. मी म्हणालो, “खात्रीने काही सांगता येत नाही. मी स्वतः पाहिलेली नाही. रशियन आहे एवढं नक्की.”

अशफाकभाईंनी ते अरबीत सांगितलं.

काकाने मांडीवर थाप मारली आणि तो मोठ्याने हसून काहीतरी म्हणाला. सालेहने मान खाली घातली. आतून एक भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, बस.

निघताना शुभदा बाहेर आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. उतरताना संपूर्ण घाटात ती पुढच्या सीटवर बसून अशफाकभाईंशी दाभोळच्या खाडीबद्दल बोलत होती.

पुन्हा जिझान

संध्याकाळी समुद्राजवळ तंदूरमध्ये भाजलेली मासळी मागवली. मांसमच्छीला हात न लावणारे आम्ही, का मागवली कोण जाणे; अशफाकभाईंना वाईट वाटू नये म्हणून असेल. ते हात धुवायला गेले तेव्हा शुभदा म्हणाली:

“तुला माहीत होतं.”

“मी खोटं काही बोललो नाही.”

“अशफाकभाईंनी अरबीत सांगितलेलं आजींनी आतून ऐकलं. त्यांनी बंदूक माझ्या शेजारून उचलली आणि भिंतीला लावली. रडल्याबिडल्या नाहीत. नुसतं मला अजून केळं वाढलं.” तिने मासळीची ताटली बाजूला सरकवली. “तुला त्यांचा राग आला की माझा?”

मी पाण्याकडे बघत बसलो. दूरवर एक बोट दिवे लावून उभी होती.

“तुझा,” मी म्हटलं. “तुझ्या मांडीवर होती म्हणून.”

मला वाटलं ती चिडेल. तिने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. “एवढंच ना? मग उद्या जाऊन सांग. विमान दुपारचं आहे.”

अशफाकभाई परत आले. मी त्यांना विचारलं, उद्या सकाळी पुन्हा वर जाता येईल का. त्यांनी दुकानाचं, मालाचं कारण काढलं नाही. “जाऊ की साहेब. मला पण ते दुपारचा बोलणा पुढे सांगताना बरा नाय वाटला,” म्हणाले.

फैफा, दुसरी खेप

या वेळी धुकं नव्हतं. शेतांच्या पायऱ्या खालपर्यंत दिसत होत्या आणि त्यांत वाकलेली माणसं. सालेह शाळेला निघाला होता, आम्हाला पाहून गाडीतून उतरला. काकाला मी बोलवायला सांगितलं. तो आला, उन्हात डोळे बारीक करून ओसरीत उभा राहिला.

मी पडद्याकडे तोंड करून बोललो. इंग्रजीत, हळूहळू, म्हणजे नूराला आत सांगता येईल.

“काल मी नीट उत्तर दिलं नाही. मला राग आला होता, कारण मला पाहायला मिळालं नाही आणि माझ्या बायकोला मिळालं. तिने जे पाहिलं ते बरोबर आहे. बंदूक रशियात बनली, पण नंतर फिनलंडच्या सैन्याकडे होती. लाकडाचा जोड त्यांचा आहे, शिक्का त्यांचा आहे, आकडे त्यांनी बदललेत. याबद्दल मला काही शंका नाही.”

काका अशफाकभाईंकडे पाहून काही पुटपुटला. अशफाकभाई म्हणाले, “बोलतो, बंदूक असेल. पण समुद्र गोठतो हे?”

“तो गोठतो,” मी म्हणालो. “मी त्याच्यावरून चाललोय. एका बेटाच्या दिशेने. लोक सायकली घेऊन जात होते, कुत्री घेऊन जात होते. मला भीती वाटली म्हणून मी मधूनच परत फिरलो. तुमचे पती खरं बोलत होते.”

नूराचा आवाज आत चालू राहिला, मग थांबला. पडद्याआडून म्हातारीने एक प्रश्न विचारला. बारीक, खरखरीत आवाज. नूराने बाहेर डोकं काढलं.

“आजी विचारते, पायाखाली कसा आवाज येतो?”

मला आठवावं लागलं. “खोल,” मी म्हटलं. “खालून कुणी लांबवर दार लावून घेतल्यासारखा.”

ते आत पोचलं. काका ओसरीतून उतरून आपल्या शेताकडे निघून गेला, न हसता. सालेहने माझे दोन्ही हात धरले आणि सोडले नाहीत, त्यामुळे मला डोळे पुसता येईनात.

आता तरी, असं माझ्या मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं. आता ती मला आत बोलवेल, निदान उंबऱ्यापर्यंत आणून दाखवेल. मी पिशवीतल्या भिंगाला हातही लावला.

पडदा सरला. पुन्हा नूरा.

“आजी म्हणते, तुमच्या बायकोने आत यावं. कॉफी घ्यायला. तुम्ही बाहेर बसा, तुमच्यासाठीही पाठवतो.”

शुभदा गेली. मी ओसरीच्या दगडावर बसलो. अशफाकभाईंनी कौतुकाने कॉफीचं एक झाड दाखवलं, लाल फळं लगडलेली. मी ‘हो, छान’ म्हणालो. आतून बोल्टचा आवाज आला, दोनदा. मग हसण्याचा. म्हातारीचं खोकल्यासारखं हसणं आणि त्यात मिसळलेलं शुभदाचं, जे मी दम्माममध्ये फार दिवसांत ऐकलं नव्हतं. एकमेकींची भाषा न येणाऱ्या दोघी, आणि हसणं थांबेना.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. केसांत ताजं फुल्ल होतं, हातात कॉफीच्या बियांची पुरचुंडी. विमानाला उशीर होत होता, अशफाकभाई गाडीकडे पळाले.

“कशावर एवढं हसत होता?” मी विचारलं.

“तुझ्यावर,” शुभदा म्हणाली. “म्हणाल्या, माझा नवराही असाच होता. त्याच्या बंदुकीला कुणी हात लावला की दोन दिवस जेवायचा नाही.”

ती या वेळी मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. पहिल्या वळणाला मी म्हटलं, “सांग.”

“काय?”

“सगळं. भिंतीवरून कशी काढली तिथपासून.”

आणि फैफाचा डोंगर उतरून सपाटी लागेपर्यंत ती सांगत राहिली. तिला कुठे गाडी लागली नाही. मी ऐकत होतो, आणि दर वाक्यागणिक मला तिचा हेवा वाटत होता.